२४ बाय ३६ इंचांचा मॅग्नेट बोर्ड: फुटबॉलची फॉर्मेशन्स शिकायला पुरतो का?

अमेरिकन फुटबॉलची मॅच टीव्हीवर बघत बघत फॉर्मेशन्स, म्हणजे खेळाडूंच्या उभं राहण्याच्या मांडण्या, कळतील असं वाटतं, आणि तिथेच गाडी अडते. मुख्य कॅमेरा साइडलाइनच्या अंगाने बॉलभोवती धरलेला असतो. स्नॅपच्या, म्हणजे सेंटर बॉल मागे देऊन डाव सुरू करतो त्याच्या, आधी डाव चालवणारा क्वार्टरबॅक दिसतो, समोरासमोरच्या लाइनी दिसतात, डिफेन्सच्या (अडवणाऱ्या संघाच्या) लाइनीमागचे लाइनबॅकर दिसतात. पण १२ यार्ड मागे उभे असलेले सेफ्टी, म्हणजे डिफेन्सचे सगळ्यांत मागचे खेळाडू, बहुतेक वेळा चौकटीबाहेर राहतात. डिफेन्स काय करणार याची निम्मी खूण तर त्यांच्या उभं राहण्यातच असते. शिकणाऱ्याला म्हणूनच वरून दिसणारं मैदान लागतं, आणि बावीसच्या बावीस माणसं स्वतःच्या हाताने मांडायची सोय लागते. मॅग्नेट बोर्ड नेमका त्यासाठी असतो.

हे परीक्षण २४ बाय ३६ इंचांच्या, मार्करने लिहून पुसता येणाऱ्या बोर्डाचं आहे. सोबत दोन रंगांच्या चकत्या आणि बॉलची एक वेगळी चकती येते. निकाल आधीच सांगतो: कोण कुठे उभा राहतो आणि का, हे समजायला यापेक्षा चांगलं साधन नाही. मात्र छपाई आणि चकत्यांचं माप चुकलं तर तोच बोर्ड चुकीचं शिकवतो, आणि चुकीचं शिकलेलं पुसायला मार्करपेक्षा फार जास्त वेळ लागतो.

आधी मोजपट्टी

काही बोर्डांवर अख्खं मैदान छापलेलं असतं: १०० यार्ड, अधिक दोन्ही टोकांचे १०-१० यार्डांचे एंड झोन. ३६ इंचांत १२० यार्ड बसवले की एका इंचात जवळजवळ १० फूट येतात. खऱ्या मैदानावर ऑफेन्सची, म्हणजे बॉल ज्याच्याकडे त्या संघाची, पाच जणांची पुढची लाइन साधारण १८ फुटांत उभी राहते, म्हणजे या बोर्डावर तिला दोन इंचांहून कमी जागा. तेवढ्यात पाऊण इंची पाच चकत्या बसतच नाहीत. मग लाइन फुगते, तिच्या टोकाला लागून उभा राहणारा टाइट एंड साइडलाइनकडे ढकलला जातो, स्लॉटमधल्या, म्हणजे लाइन आणि टोकाचा रिसीव्हर यांच्या मधल्या, रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) जागा उरत नाही. किक-ऑफ आणि पंट, म्हणजे लाथ मारून बॉल दूर धाडायचे डाव, दाखवायला असा बोर्ड ठीक आहे, पण फॉर्मेशन्ससाठी घेऊ नका.

हवा तो बोर्ड असा: मैदानाची रुंदी ३६ इंची बाजूवर, आणि लांबीतला फक्त ३५ यार्डांचा तुकडा. मैदानाची रुंदी १६० फूट असते, त्यामुळे एका इंचात साधारण साडेचार फूट येतात. लक्षात ठेवायला सोपा हिशेब म्हणजे ३ यार्डांना २ इंच. सेफ्टी १२ यार्डांवर म्हणजे ८ इंचांवर, शॉटगन या मांडणीतला क्वार्टरबॅक ५ यार्डांवर म्हणजे साडेतीन इंचांना थोडा कमी. स्क्रिमेजची रेघ, म्हणजे बॉल ठेवतात तिथली आडवी रेघ, बोर्डाच्या खालच्या कडेपासून ९ इंचांवर धरली की ऑफेन्सला १३ यार्ड आणि डिफेन्सला २२ यार्ड जागा मिळते. ती पुरते.

याच रुंदीचा आणखी एक फायदा आहे, जो विकत घेताना कोणी सांगत नाही. झोन कव्हरेजमध्ये, म्हणजे डिफेंडर माणसाऐवजी मैदानाचा भाग राखतात तेव्हा, मैदानाचे उभे भाग पाडतात: कव्हर २ मध्ये मागे दोन अर्धे, कव्हर ३ मध्ये तीन तृतीयांश, कव्हर ४ मध्ये चार पाव. ३६ इंचांवर ते १८, १२ आणि ९ इंच येतात. पट्टी लावून मार्करने रेघा मारल्या की प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला किती मैदान आलं ते डोळ्यांना दिसतं. कव्हर २ मध्ये एकेका सेफ्टीला जवळजवळ २७ यार्ड रुंद पट्टा राखायचा असतो, हे ऐकून पटत नाही, बघून पटतं.

मग हॅश मार्क मोजा, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागातल्या छोट्या खुणांच्या दोन ओळी, ज्यांच्या दरम्यान बॉल ठेवून डाव सुरू होतो. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये दोन हॅशमधलं अंतर साडेअठरा फूट, कॉलेजमध्ये ४० फूट, हायस्कूलमध्ये ५३ फूट ४ इंच, म्हणजे मैदानाचा बरोबर तिसरा हिस्सा. ३६ इंची बोर्डावर ही अंतरं सव्वाचार, ९ आणि १२ इंचांच्या आसपास यायला हवीत. वेगळंच काही आलं तर छपाई अंदाजपंचे केलेली आहे. हा बारकावा वाटतो तितका किरकोळ नाही. हायस्कूलमध्ये बॉल हॅशवर ठेवला की एका बाजूला मैदानाचा एक हिस्सा आणि दुसऱ्या बाजूला दोन हिस्से उरतात, त्यामुळे 'रुंद बाजू' आणि 'अरुंद बाजू' यांवर अख्खं डिफेन्स ठरतं. एनएफएलचे हॅश इतके मधे आहेत की हा फरक खूपच कमी होतो. तुम्ही ज्या पातळीचा खेळ शिकताय त्या पातळीचे हॅश असलेलाच बोर्ड घ्या. बोर्डाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला वेगवेगळे हॅश छापलेले असतील तर सोन्याहून पिवळं.

ऑफेन्स मांडताना

सुरुवात नेहमी बॉलच्या चकतीपासून करा, मग सेंटर, मग दोन गार्ड, मग दोन टॅकल. या पाच जणांना पास झेलायचा हक्क नसतो. एनएफएलचा नियम असा की स्नॅपच्या वेळी रेघेवर किमान सात जण हवेत. म्हणजे पाचांच्या दोन टोकांना आणखी एकेक माणूस लागतो, आणि रेघेवरचे फक्त हे दोन टोकाचे पास झेलू शकतात. उरलेले चौघे रेघेच्या मागे: क्वार्टरबॅक आणि आणखी तिघे. एनएफएलच्या सगळ्या फॉर्मेशन्स याच हिशेबातून निघतात.

बोर्डाची खरी किंमत इथे कळते. डावीकडे टोकाला रेघेवरचा रिसीव्हर ठेवा, त्याला एक्स म्हणतात. उजव्या टॅकलला लागून टाइट एंड, तो वाय. उजवीकडे लांब आणखी एक रिसीव्हर, तो झेड. झेडची चकती रेघेवर ठेवायची नाही, एक चकतीभर मागे घ्यायची. का, ते करूनच बघा. झेडला पुढे सरकवून रेघेवर आणा. आता उजवीकडचा टोकाचा माणूस झेड झाला, वाय मधे अडकला. कोच याला टाइट एंड 'झाकला गेला' असं म्हणतात. तो पास झेलायला पुढे धावला तर दंड. नवशिक्या संघांत ही चूक सर्रास होते, आणि पुस्तकातल्या आकृतीत ती डोळ्यांत भरत नाही, कारण आकृतीतलं अर्धा सेंटिमीटर मागे-पुढे कोणी बघत नाही. चकती हाताने सरकवली की एकदम उजेड पडतो. ट्रिप्स, म्हणजे एका बाजूला तीन रिसीव्हर, मांडताना हाच प्रश्न पुन्हा येतो: तिघांपैकी रेघेवर एकच, उरलेले दोघे मागे. रेघेवर सातऐवजी सहाच उरले तर ती बेकायदा फॉर्मेशन, ५ यार्डांचा दंड.

एक गोष्ट मात्र बोर्ड दाखवू शकत नाही. रेघेवर असणं म्हणजे हेल्मेटचा पुढचा भाग सेंटरच्या कमरेच्या रेषेत किंवा पुढे येणं. पास अडवायला सोपं जावं म्हणून टॅकल हळूहळू मागे सरकत जातात आणि दंड ओढवून घेतात. हे अंतर बोर्डावर काही मिलिमीटरचं येतं, ते मैदानावरच शिकायला हवं.

मागच्या चौघांची मांडणी ओळखायला क्वार्टरबॅकपासून सुरुवात करा. तो सेंटरच्या पाठीला लागून असेल आणि त्याच्या मागे एका ओळीत दोन रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारे), फुलबॅक ४ यार्डांवर, टेलबॅक ७ यार्डांवर असेल तर ती आय फॉर्मेशन. फुलबॅक काढून त्याच्या जागी आणखी एक रिसीव्हर किंवा टाइट एंड आणला की सिंगलबॅक. क्वार्टरबॅक ५ यार्ड मागे आणि रनिंग बॅक त्याच्या बाजूला असेल तर शॉटगन. क्वार्टरबॅक ४ यार्डांवर आणि रनिंग बॅक त्याच्या पाठीमागे ३ यार्डांवर असेल तर पिस्टल. बोर्डावर आय आणि पिस्टल एकापाठोपाठ एक लावून बघा, दोन्हींत टेलबॅक ७ यार्डांवरच सापडेल. पिस्टलची गंमत तीच आहे: बॅकला आयसारखी सरळ धाव घेता येते, आणि क्वार्टरबॅकला शॉटगनसारखं समोरचं चित्र दिसतं. नेवाडा विद्यापीठाचे कोच ख्रिस ऑल्ट यांनी ती २००५ साली वापरात आणली. शॉटगन त्याहून बरीच जुनी. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे कोच रेड हिकी यांनी १९६० मध्ये ती या नावानिशी आणली. शॉटगनमध्ये बॅक एका बाजूला उभा असल्याने धावण्याची दिशा डिफेन्सला बऱ्याचदा आधीच कळते. पिस्टलमध्ये ती खूण मिळत नाही.

फॉर्मेशन आणि पर्सोनेल यांची गल्लत करू नका. पर्सोनेल म्हणजे मैदानात कोणते खेळाडू आले, फॉर्मेशन म्हणजे ते कसे उभे राहिले. पर्सोनेल दोन अंकांत सांगतात: पहिला अंक रनिंग बॅकचा, दुसरा टाइट एंडचा, आणि दोन्हींची बेरीज पाचातून वजा केली की वाइड रिसीव्हर. ११ म्हणजे एक बॅक, एक टाइट एंड, तीन रिसीव्हर. १२ म्हणजे एक बॅक, दोन टाइट एंड, दोन रिसीव्हर. २१ म्हणजे दोन बॅक, एक टाइट एंड, दोन रिसीव्हर. सध्या एनएफएलमध्ये ११ सगळ्यांत जास्त दिसतं. सरावाची चांगली पद्धत ही: ११ च्या चकत्या बाजूला काढा आणि त्याच अकरा जणांतून शॉटगन ट्रिप्स, सिंगलबॅक, मग बॅकलाही रिसीव्हरसारखा बाहेर नेऊन मागे कोणीच नसलेली एम्प्टी, अशी एकामागून एक मांडा. डिफेन्स पर्सोनेल बघून आपली माणसं पाठवतं आणि फॉर्मेशन बघून त्यांना उभं करतं, हा क्रम हातात बसतो.

चकत्यांवर काय छापलंय तेही इथेच बघा. 'डब्ल्यूआर १', 'टीई', 'एफबी' असं कायमचं छापलेलं असेल तर संचात एकच टाइट एंड निघतो आणि १२ पर्सोनेल मांडताना फुलबॅकलाच टाइट एंड समजावं लागतं. कोऱ्या, वर मार्करने लिहिता येईल अशा चकत्या चांगल्या. ऑफेन्स गोल आणि डिफेन्स त्रिकोणी असेल तर आणखी चांगलं. लाल-हिरवा फरक न ओळखणाऱ्यांनाही बोर्ड वाचता येतो, आणि फोटो काळा-पांढरा छापला तरी कळतो.

डिफेन्स: चकत्या नव्हे, फटी मोजा

डिफेन्स शिकताना लोक ४-३ आणि ३-४ हे आकडे पाठ करतात: चार लाइनमन आणि तीन लाइनबॅकर, किंवा तीन आणि चार. पाठ होतं, समजत काहीच नाही. डिफेन्सची पहिली चकती ठेवण्याआधी मार्कर घ्या आणि ऑफेन्सच्या लाइनीतल्या फटींना अक्षरं द्या. सेंटर आणि गार्ड यांच्यामधली ए, गार्ड आणि टॅकलमधली बी, टॅकल आणि टाइट एंडमधली सी, टाइट एंडच्या बाहेरची डी. टाइट एंड नसलेल्या बाजूला टॅकलच्या बाहेर सी, आणि तिथे संपलं. एक टाइट एंड असेल तर एकूण फटी सात होतात: त्याच्या बाजूला चार, दुसऱ्या बाजूला तीन. बॉल घेऊन धावणारा यांपैकी कुठूनही घुसू शकतो, म्हणून प्रत्येक फटीला एक माणूस. चार अधिक तीन सात का, तीन अधिक चार सात का, हे इथे सुटतं.

आता ४-३ ची 'ओव्हर' मांडणी करा. टाइट एंड उजवीकडे धरा, ती जोराची बाजू. त्या बाजूचा डिफेन्सिव्ह एंड टाइट एंडच्या बाहेरच्या खांद्यावर: त्याची फट डी. त्याच बाजूचा टॅकल गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर: बी. दुसरा टॅकल सेंटरच्या डाव्या खांद्यावर: डावीकडची ए. डावा एंड टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर: डावीकडची सी. चार भरल्या, तीन उरल्या: उजवीकडची सी सॅम घेतो, उजवीकडची ए माइक, डावीकडची बी विल. सॅम, माइक, विल ही तीन लाइनबॅकरांची नावं: जोराच्या बाजूचा, मधला, हलक्या बाजूचा. प्रत्येक डिफेन्सिव्ह चकतीपासून तिच्या फटीपर्यंत एकेक बाण काढा. सात बाण, सात फटी. दोन बाण एकाच फटीत गेले तर कुठेतरी एक दार सताड उघडं राहिलंय.

मग 'अंडर' करा. फक्त चार चकत्या हलतात. गार्डच्या बाहेर उभा असलेला टॅकल हलक्या बाजूला जातो, सेंटरवरचा जोराच्या बाजूला येतो, जोराच्या बाजूचा एंड आत टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर सरकतो, आणि सॅम वर येऊन टाइट एंडच्या बाहेर रेघेवर उभा राहतो. आता लाइनबॅकरांच्या मांडणीत दोघेच मागे उरले: माइककडे जोराच्या बाजूची बी, विलकडे हलक्या बाजूची ए. रेघेवर पाच, मागे दोन. टीव्हीवर हे ३-४ सारखं दिसतं आणि लोक फसतात. माणसं ४-३ ची, उभं राहणं वेगळं.

खांद्याखांद्याच्या या जागांना आकडे आहेत, त्यांना टेकनिक म्हणतात. सेंटरच्या बरोबर समोर शून्य, त्याच्या खांद्यावर १. गार्डच्या समोर २, आतल्या खांद्यावर २-आय, बाहेरच्या खांद्यावर ३. टॅकलच्या समोर ४, आत ४-आय, बाहेर ५. टाइट एंडच्या समोर ६, आतल्या खांद्यावर बहुतेक कोच ७ म्हणतात, बाहेर ९. समोर उभा असलेल्याला सम आकडा, बाहेरच्या खांद्याला विषम, एवढं टॅकलपर्यंत लक्षात ठेवलं तरी पुरतं. ओव्हरमधला तो बी फटीवाला टॅकल म्हणजे '३-टेकनिक', आणि समालोचक हा शब्द वापरतात तेव्हा नेमकं तेच सांगत असतात.

इथे चकतीचं माप निर्णायक ठरतं. लाइनमनच्या खांद्यांची रुंदी साधारण २ फूट आणि दोघांमधलं अंतर साधारण २ फूट धरलं, तर बोर्डावर एका लाइनमनच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत इंचाला थोडी कमी जागा येते. एक इंची चकत्या एकमेकींवर चढतात. पाऊण इंची चकत्यांमध्ये नखाएवढी फट राहते आणि २-आय, २, ३ हा फरक जेमतेम दाखवता येतो: चकती डाव्या कडेशी, समोर, उजव्या कडेशी. अर्धा इंची चकत्या इथे सगळ्यांत अचूक, पण दहा फुटांवरून वाचता येत नाहीत आणि जाड बोटांत धरवत नाहीत. एकट्याने शिकणाऱ्याने अर्धा इंची घ्याव्यात, चार-पाच जणांपुढे उभं राहून दाखवायचं असेल तर पाऊण इंची. पाऊण इंचीवर शिकवताना लाइनीतल्या फटी मुद्दाम थोड्या रुंद ठेवा आणि समोरच्यांना तसं सांगा. माप थोडं मोडलं तरी चालेल, फट दिसली पाहिजे.

३-४ मध्ये वेगळा विचार आहे. जुन्या पद्धतीत तिघे लाइनमन बरोबर समोर उभे राहतात, मधला, म्हणजे नोज, शून्यावर आणि दोन्ही एंड ४ वर, आणि प्रत्येक जण समोरच्याला हातांनी धरून दोन्ही बाजूंच्या दोन फटी सांभाळतो. त्यामुळे मागचे चौघे मोकळे होतात. बोर्डावर नोजच्या चकतीतून दोन बाण काढा, एंडच्या चकत्यांतूनही. हे करायला अवजड, ताकदीचे खेळाडू लागतात, चकती ते सांगत नाही. बऱ्याच ३-४ संघांत लाइनमन आता एकच फट घेतात, त्यामुळे दोन्हींतला फरक पूर्वीइतका उरलेला नाही.

फटींचा हिशेब कळला की निकेल आपोआप कळतं. ऑफेन्सने ११ पर्सोनेल आणलं, तीन रिसीव्हर आले, म्हणून डिफेन्स एक लाइनबॅकर काढून पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (कॉर्नर किंवा सेफ्टीसारखा, पास अडवणारा) आणतं: ४-२-५. आता बॉक्समध्ये, म्हणजे टॅकलपासून टाइट एंडपर्यंतच्या रुंदीत आणि लाइनबॅकरांच्या खोलीत, सहा जण उरले, पण फटी अजून सातच. सातवी कोणाची? निकेल बॅक बाहेरून आत येतो, किंवा सेफ्टी खाली उतरतो, किंवा एखादा लाइनमन दीड फट सांभाळतो. क्वार्टरबॅक बॉक्समधली डोकी मोजून धाव की पास ठरवतो ते याचसाठी. सहा डिफेन्सिव्ह बॅक आले की डाइम. उलटं, ऑफेन्सने दोन्ही टोकांना टाइट एंड लावले तर फटी आठ होतात आणि एका सेफ्टीला खाली यावंच लागतं.

'४६' हा आकडा वाचून मात्र चार आणि सहा चकत्या लावायला जाऊ नका. बडी रायन यांच्या शिकागो बेअर्सच्या डिफेन्सला ते नाव सेफ्टी डग प्लँक यांच्या जर्सीवरच्या आकड्यावरून पडलं. मांडणी अशी: नोज शून्यावर, दोन्हीकडे ३-टेकनिक, त्यामुळे सेंटर आणि दोन्ही गार्ड यांच्या अंगावर एकेक डिफेंडर येतो आणि कोणीही दुसऱ्याच्या मदतीला जाऊ शकत नाही. बॉक्समध्ये आठ. १९८५ च्या हंगामातल्या बेअर्सनी याच्या जोरावर सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, मजल मारली आणि तो सामना ४६-१० असा जिंकला. बोर्डावर आठ चकत्या पुढे आल्या की मागे केवढं रान मोकळं राहतं तेही लगेच दिसतं, आणि या डिफेन्सला तोडगा कुठून निघाला तेही.

मागचे चौघे

सेफ्टी किती, हा पहिला प्रश्न. मधोमध एक सेफ्टी १२ यार्डांवर असेल तर बहुधा कव्हर १ (बाकीचे एकेका माणसावर) किंवा कव्हर ३. दोघे असतील तर कव्हर २ किंवा कव्हर ४. दुसरा प्रश्न कॉर्नरबॅकचा, म्हणजे बाहेरच्या रिसीव्हरसमोरच्या डिफेंडरचा: रिसीव्हरच्या तोंडासमोर यार्डभरावर आहे की ७ यार्ड मागे? दोन सेफ्टी आणि ५ यार्डांवर, बाहेरच्या बाजूला उभे कॉर्नर असतील तर कव्हर २ चा वास येतो. तेच कॉर्नर ७-८ यार्डांवर गेले तर कव्हर ४. मात्र ही सगळी स्नॅपच्या आधीची खूण आहे. चांगलं डिफेन्स दोन सेफ्टी दाखवून स्नॅपनंतर एकाला खाली आणि दुसऱ्याला मधे फिरवतं. त्यासाठी नियम करा: चकती स्नॅपच्या आधीच्या जागी, मार्करचा बाण स्नॅपनंतरचा. चकतीच सरकवली तर कुठून निघाली ते हरवतं, आणि फसवाफसवी शिकण्याचा मुद्दाच निसटतो.

ऑफेन्सच्या मोशनलाही, म्हणजे स्नॅपआधी खेळाडूने जागा बदलण्यालाही, हाच नियम. एनएफएलमध्ये स्नॅपच्या क्षणी एकच खेळाडू हलू शकतो, आणि तो पुढे सरकत नसला पाहिजे. तुटक रेघ मोशनची, सलग रेघ स्नॅपनंतरची. मोशनबरोबर एखादा डिफेंडर पूर्ण मैदान ओलांडून मागे गेला तर बहुधा मॅन कव्हरेज, म्हणजे प्रत्येकाने आपापला माणूस राखणं, सगळे थोडेथोडे सरकले तर झोन.

पत्रा, चकत्या, मार्कर

चुंबक चिकटायला बोर्डाखाली स्टीलचा पत्रा असतो. तो पातळ असेल तर बोर्ड उभा करून दार जोरात लावलं तरी अख्खी लाइन एक इंच खाली येते. लवचीक रबरी चुंबकाच्या चकत्या यात आधी घसरतात. टणक कॅपच्या चकत्या जास्त धरतात. निओडिमियमच्या छोट्या चकत्यांची पकड सगळ्यांत घट्ट, पण त्यांचा या कामात एक वेगळाच त्रास आहे: लाइनीत अगदी शेजारी ठेवल्या की त्या एकमेकींना ओढतात किंवा ढकलतात, आणि गार्ड आपोआप टॅकलला जाऊन चिकटतो. घेण्याआधी पाच चकत्या बारीक फट ठेवून मांडा आणि हात काढा. जागच्या हलल्या नाहीत तरच घ्या. घरात लहान मुलं असतील तर निओडिमियम नकोच. असे दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंतींना मधे धरून एकमेकांना चिकटतात, आणि तो जिवावरचा प्रसंग ठरतो.

पृष्ठभागाचे दोन प्रकार: रंग दिलेला पत्रा आणि सिरॅमिकचा थर दिलेला पत्रा. रंगाच्या पत्र्यावर मार्कर दोन-तीन दिवस राहिला की पुसूनही सावली उरते, आणि कालच्या बाणांच्या सावलीवर आजचे बाण काढले की सात फटींत दहा बाण दिसतात. उपाय सोपा आहे: त्याच सावलीवर ताजा मार्कर फिरवून लगेच कोरड्या फडक्याने पुसा. अल्कोहोल वापरायचं तर क्वचितच, वारंवार लावल्याने रंगाचा थर झिजतो आणि मग शाई आणखी धरते. यार्डाच्या रेघा थराच्या खाली छापलेल्या हव्यात. नखाने हलकेच घासून बघा, रेघेचा उंचवटा लागला तर छपाई वर आहे आणि फडक्याबरोबर थोडीथोडी जाणार. वर्षभर रोज वापरायचा असेल तर सिरॅमिकच घ्या, वजन जास्त असलं तरी.

मैदानावरचे यार्डांचे मोठे आकडेही बोर्डावर छापलेले हवेत. बऱ्याच बोर्डांवर ते शोभेसाठी म्हणून गाळलेले असतात. रिसीव्हरला 'आकड्याच्या वरच्या कडेला उभा राहा', 'हॅशच्या बाहेर दोन यार्ड' असंच सांगितलं जातं, म्हणून आकडा नसलेल्या बोर्डावर रिसीव्हरची जागा अंदाजानेच ठरते.

चकत्या बावीस अधिक बॉल एवढ्याच आल्या तर सहा जास्तीच्या घेऊन ठेवा. हरवतात हे एक, आणि पर्सोनेल बदलताना बाहेर बसलेला खेळाडू बोर्डाच्या कडेला दिसत राहिला तर कोण गेला आणि कोण आला ते विसरायला होत नाही. बोर्ड आडवा ठेवून वरून बघण्यापेक्षा भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला, ऑफेन्स खाली आणि डिफेन्स वर असा टांगा. क्वार्टरबॅकला समोर जे दिसतं तेच मग तुम्हाला दिसतं: आधी सेफ्टी, मग बॉक्स, मग फटी.